औटकी, धूळपाटी आणि माझे चोवीस ट्रेनी

मंडळी, आजचा विषय शाळेचा आहे, पण सुरुवात ऑफिसपासून करतो.

२००८ साली मी पुण्यात एका कंपनीत होतो (नाव नको, उगाच कशाला). कॉलेजातून नुकतीच आलेली चोवीस मुलं-मुली माझ्या ताब्यात देण्यात आली. तीन आठवड्यांत त्यांना जावा आणि एसक्यूएल शिकवायचं, शेवटी परीक्षा. नापास झालात तर आणखी एक संधी, त्यातही नापास झालात तर घरी. नियम सरळ होता.

मी जीव तोडून शिकवलं. दोनशेच्या आसपास स्लाइड्स, त्यात रंगीत आकृत्या, मधेमधे माझे ठेवणीतले विनोद. मुलं माना डोलवत होती. शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म भरून घेतले, तर पाचापैकी ४.६! मॅनेजरने मेल करून पाठ थोपटली. मी बायकोला चायनीज खायला नेलं.

चार दिवसांनी परीक्षा झाली. चोवीसपैकी आठ नापास. दुसऱ्या संधीनंतरही दोघे उरलेच. त्यातला एक नांदेडकडचा मुलगा. एचआरच्या खोलीतून बाहेर आला, माझ्या डेस्कपाशी थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही शिकवत होता तेव्हा सगळं कळत होतं. पेपर समोर आला आणि काहीच आठवेना."

तक्रारीचा सूर नव्हता. उलट माफी मागितल्यासारखं बोलत होता. मी "अरे, होतं असं, पुढे बघ" वगैरे काहीतरी बोललो. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. शिकवताना सगळं कळतं आणि चार दिवसांनी काहीच आठवत नाही, ही भानगड नेमकी काय आहे?

त्याच दिवाळीत गावी गेलो होतो. आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर. सकाळी काय जेवलो ते संध्याकाळी आठवत नसे. मला दोनदा काकाच्या नावाने हाक मारली. ओटीवर बसलो होतो, सहज गंमत म्हणून विचारलं, "अण्णा, साडेतीन सत्ते किती?"

"साडेचोवीस," अण्णा म्हणाले. अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही. वर मलाच विचारलं, "तुला औटकी येत नाही होय रे? इंजिनियर ना तू?"

आता औटकी म्हणजे काय हे तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. जुन्या मराठी शाळेत पूर्णांकांचे पाढे तर असतच, शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची पलटणच असे. हे हौसेखातर नव्हतं. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर अशा जगात दुकानदाराला, पाटलाला, कुलकर्ण्याला पाव-अर्धा-पाऊण डोक्यातल्या डोक्यात करता आलं नाही तर धंदाच बुडायचा.

आणि हे सगळं पक्कं कसं व्हायचं? तर परवचा. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, देवासमोर बसायचं, आणि श्लोक झाले की पाढे मोठ्याने म्हणायचे. पुस्तक हातात नाही. रोज. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे "ताप आला तरच सुटका".

माझ्या डोक्यात पहिल्यांदा खटका पडला तो इथे. मी तीन आठवडे दाखवत होतो. अण्णांचे गुरुजी दाखवत नव्हते, म्हणवून घेत होते.

पुण्याला परत आल्यावर मी शनिवार-रविवार या विषयाच्या मागे लागलो. आणि गंमत म्हणजे, धागा थेट मद्रासला जाऊन पोचला.

अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री. जन्म १७५३, गाव सेंट अँड्र्यूज. १७८७ साली हा हिंदुस्थानात आला आणि १७८९ मध्ये मद्रासला एग्मोर इथल्या मुलांच्या अनाथालयाचा प्रमुख झाला. तिथे युरोपियन सैनिकांची पोरकी मुलं असत. शिक्षक होते, पण शिकवण्यात कुणाला रस नव्हता, आणि मुलं वर्षानुवर्षं मुळाक्षरांवरच अडकलेली. (आपल्याकडचे काही प्रोजेक्ट्स आठवले ना?)

एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर बसून, पुढ्यात वाळू पसरून, बोटाने अक्षरं गिरवत होती. बेल शाळेत परत आला आणि आपल्या शिक्षकांना म्हणाला, हे करून बघा. शिक्षकांनी दाद दिली नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठेक वर्षांच्या पोराला पकडलं आणि खालच्या वर्गातल्या मुलांना वाळूवर अक्षरं शिकवायचं काम त्याला दिलं. जे मोठ्यांना जमत नव्हतं ते या पोराने करून दाखवलं. मग बेलने सगळी शाळाच तशी चालवायला घेतली. वरचा मुलगा खालच्याला शिकवणार, त्याच्यावर आणखी वरचा लक्ष ठेवणार.

१७९६ मध्ये बेल मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचं छोटं पुस्तक छापलं. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर नावाच्या तरुणाने लंडनच्या साउथवर्क भागात जवळजवळ याच धर्तीची शाळा काढली. मग श्रेय कुणाचं यावरून दोघांत आणि दोघांच्या पाठीराख्यांत जे जुंपलं ते विचारू नका. पण पद्धत मात्र वणव्यासारखी पसरली. इंग्लंडमध्ये तिला 'मद्रास पद्धत' म्हणत. १८११ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांनी बेलच्या पद्धतीवर शाळा चालवण्यासाठी नॅशनल सोसायटी काढली. सेंट अँड्र्यूजमध्ये बेलच्या पैशातून उभं राहिलेलं 'मद्रास कॉलेज' आजही आहे. स्कॉटलंडमधल्या शाळेचं नाव मद्रास! मला हे कळलं तेव्हा मी चहा पिता पिता ठसकलो होतो.

वाळूची ही शाळा फक्त मद्रासकडची नव्हती. आपल्याकडे पंतोजीच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर बारीक धूळ किंवा रंगीत माती पसरायची, त्यावर अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं, पुन्हा काढायचं. कागद महाग, म्हणून ही सोय. पण या सोयीचा एक परिणाम असा की मुलाजवळ साठवलेलं काहीच उरत नसे. वहीत लिहिलंय, नंतर बघू, ही चैनच नाही. पुसलं की गेलं. पुढचं अक्षर डोक्यातूनच यायला हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिस्कच नाही, सगळं मेमरीत. :)

थांबा, लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' म्हणून फॉरवर्ड करायला घेऊ नका. पंतोजीच्या शाळेत छडी होती, उठाबशा होत्या. ज्यांच्या पाठीवर ते वळ उठले ते काही परवच्याच्या आठवणीने गहिवरणार नाहीत. शिवाय त्या शाळेच्या आत कोण बसू शकत होतं? बहुतेक करून वरच्या जातींची आणि ऐपतदार घरची मुलं, तीही मुलगेच. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा रस्त्यात त्यांच्यावर शेण-चिखल उडाला. उत्तम पद्धत असली आणि दार बंद असलं तर त्या पद्धतीचं करायचं काय?

बेल-लँकेस्टर पद्धतीचंही पुढे मातेरंच झालं. मुळात गंमत होती ती एका मुलाने दुसऱ्याला शिकवण्यात. पण व्यवस्थापकांना दिसला तो खर्च. एक मास्तर आणि शेकडो मुलं, काय स्वस्तात पडतंय! मोठ्या हॉलमध्ये रांगा, हुकुमावर पाट्या वर, हुकुमावर पाट्या खाली. शिकवणारी मुलं आपणच अर्धवट पाठ केलेलं पुढे ढकलत. शाळेचा कारखाना झाला. इंग्लंडमध्ये १८४६ साली सरकारने वयाने थोड्या मोठ्या मुलांना पगारी, प्रशिक्षित शिकाऊ शिक्षक करण्याची योजना आणली आणि जुनी पद्धत हळूहळू मागे पडली.

म्हणजे चांगल्या गोष्टीतला नेमका कुठला भाग चांगला होता हे कुणी तपासलंच नव्हतं. ते काम सुरू केलं एका जर्मन माणसाने, आणि तेही स्वतःवर.

हर्मान एबिंगहाउस. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने स्वतःलाच प्रयोगातला उंदीर केलं. मधे स्वर आणि दोन्ही बाजूंना व्यंजन अशी सुमारे २३०० अर्थहीन अक्षरं तयार केली, कारण अर्थ असला की आठवण्याला मदत होते आणि त्याला निव्वळ स्मृती मोजायची होती. या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. जेवढे श्रम वाचले तेवढं डोक्यात शिल्लक, असा हिशोब. १८८५ साली त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं.

आकडे बघा. वीस मिनिटांनी वाचलेले श्रम ५८ टक्के. तासाभराने ४४. एका दिवसाने ३४. सहा दिवसांनी २५. एकतीस दिवसांनी २१. म्हणजे गळती सुरुवातीलाच धो धो होते आणि मग मंदावते. माझ्या ट्रेनिंगमधलं निम्मं ज्ञान बहुधा मुलं कँटीनपर्यंत पोचायच्या आत सांडलं होतं! (अर्थहीन अक्षरं आणि जावा यांत फरक आहे हे मान्य. माझ्या काही स्लाइड्सबाबत नाही.)

पण त्याच पुस्तकात दुसरा एक आकडा आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बारा अक्षरांच्या यादीची एकाच दिवशी सलग ६८ वेळा उजळणी केली तर दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा व्हायचा, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ उजळण्यांनी मिळायचा. म्हणजे जवळजवळ निम्म्या कष्टात तेच काम. एका बैठकीत रट्टा मारू नका, थोडं थोडं रोज म्हणा. परवच्यात दुसरं काय होत होतं?

आता तिसरा तुकडा. १९३९ साली अमेरिकेत आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर या संशोधकाने ९१ शाळांमधल्या सहावीच्या ३६०५ मुलांना छोटे उतारे वाचायला दिले. काही गटांची वाचल्याबरोबर चाचणी घेतली, काहींची काही दिवसांनी, काहींची आणखी उशिरा. ज्यांची चाचणी लवकर झाली होती त्यांना नंतर जास्त आठवलं. चाचणी हे फक्त मोजायचं माप नव्हतं, चाचणीमुळेच लक्षात राहात होतं. इतका मोठा प्रयोग, आणि कितीतरी वर्षं वर्गांमध्ये त्याचा फारसा परिणाम दिसलाच नाही.

२००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांवर हाच प्रकार नीट करून बघितला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं. दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर आणि आठवून लिहिणारे ५६ वर.

आणि आता माझ्या वर्मावर बोट ठेवणारी गोष्ट. याच अभ्यासाच्या पुढच्या भागात मुलांना विचारलं होतं की आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असं वाटतं? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता! समोर दिसतंय, वाचता येतंय, कळतंय, म्हणजे आलं, असं मनाला वाटतं. माझे ४.६ गुण म्हणजे हेच होतं. मुलं खोटं लिहीत नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्याला आलं. आणि त्यांना तसं वाटावं म्हणून मी तीन आठवडे मेहनत घेतली होती.

मग आता सगळं पाठांतरावर आणायचं का? तर नाही. अण्णांना औटकी आली कारण बाजारात ती रोज लागायची. संदर्भ नसलेलं पाठांतर म्हणजे नुसता पोपट. यासाठी मला ताराबाई मोडकांची आठवण येते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या मुंबईला आल्या, १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची. मुलं गुरं चारायला जातात तर शाळा कुरणात भरवायची. महागडी माँटेसरी साधनं नाहीत, तर गारगोट्या, बिया, पानं, शिंपले घेऊन मोजायचं. मुलाला जे आधीच ओळखीचं आहे त्यालाच नवं ज्ञान बांधायचं. एबिंगहाउसने मुद्दाम जो अर्थ बाहेर काढून ठेवला होता, तो या बायकांनी मुलाच्या हातात ठेवला. दोन्ही हवंच. आधी अर्थ लावून घ्यायचा, मग थोडं थोडं विसरू द्यायचं आणि पुन्हा आठवायला लावायचं.

२००९ मध्ये मला पुन्हा एक बॅच मिळाली. पुन्हा चोवीस जण. यावेळी स्लाइड्स केल्या साठ. रोज सकाळी पहिली वीस मिनिटं लॅपटॉप बंद, कोरा कागद, काल काय झालं ते आठवून लिहा. गुरुवारी सकाळी सोमवारचं लिहा. मार्क नाहीत, नावसुद्धा लिहायचं नाही, कारण मला छडी नको होती. दुपारी प्रत्येक टेबलावर एकाने बाकीच्यांना शिकवायचं, रोज वेगळ्याने, म्हणजे फ्रिस्केन आलटून पालटून. उदाहरणं बँकेची सोडून दिली आणि त्यांच्याच हॉस्टेलची मेस, दूधवाल्याचं खातं, एसटीचं रिझर्व्हेशन यांची घेतली.

मुलं वैतागली. पहिल्या आठवड्यात एकजण म्हणाली, "सर, आठवतच नाही तर लिहू काय?" म्हटलं, तेच लिही, काय आठवत नाही ते. फीडबॅक आला ३.९. "सर प्रश्न फार विचारतात" असा शेराही होता. मॅनेजरने यावेळी मेल केली नाही, समोर बोलावून घेतलं.

परीक्षेत पहिल्या फेरीत तिघे नापास झाले, दुसऱ्या फेरीत एकही नाही. आता मीही इंजिनियर आहे, चोवीस जणांवरून सिद्धांत मांडायचा नसतो एवढं कळतं. बॅच वेगळी होती, पेपर वेगळा होता, कदाचित मीही थोडा सुधारलो असेन. पण तेव्हापासून मी दुसऱ्या पद्धतीने शिकवलेलं नाही.

राहता राहिला तो नांदेडकडचा मुलगा. त्याला नंतर दुसरीकडे नोकरी लागली, आज तो बंगळूरला एका चांगल्या टीमचा प्रमुख आहे, तेव्हा माझी काळजी करू नका असं तो स्वतःच म्हणेल. पण त्या दिवशी माझ्या डेस्कपाशी माफी त्याने मागितली होती, आणि मी ती घेतली होती. खरं तर ती उलट दिशेने जायला हवी होती. इतकी वर्षं सांगायचं राहिलं. हा लेख झाला की त्याला पाठवणार आहे.

अण्णा २०११ साली गेले. शेवटपर्यंत औटकी चुकली नाही. मी अजून शिकलेलो नाही. मुलीबरोबर रोज संध्याकाळी दहा मिनिटं म्हणतो, दोघंही अडखळतो. तिची प्रगती माझ्यापेक्षा बरी आहे.

असो. जाता जाता एक काम. एबिंगहाउसला एकतीस दिवसांनी किती टक्के उरलं होतं? बेल मद्रासच्या कुठल्या भागात होता? औट म्हणजे किती? वर स्क्रोल करून बघू नका. आधी कागदावर लिहा. आणि तेच प्रश्न पुढच्या शनिवारी स्वतःला पुन्हा विचारा.